अस्वलाच्या तोंडचे शब्द

माझी मामी एका परदेशी अस्वलाला आपली भाषा शिकवायची. हे सांगितलं की लोक हसतात, म्हणून मी आधीच सांगून मोकळी होते. टपाल वाटणाऱ्या अस्वलाची एक कार्टून मालिका टीव्हीवर लागायची. आपल्या भाषेतले संवाद मामी लिहायची आणि अस्वलाचा आवाज मामाचा. अस्वलाचं तोंड जेवढा वेळ हलेल तेवढंच वाक्य त्यात बसवायचं, हे तिचं काम. ओट्याला टेकून, टीव्हीकडे बघत, स्वतःचे ओठ हलवून ती वाक्यं मापायची. आम्हा मुलांना वाटायचं, हिचं डोकं फिरलंय.

मामा म्हणजे एक नमुना. वाक्य संपूनही अस्वलाचं तोंड हलत राहिलं की तो पदरचं काहीतरी घुसडायचा. "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?" अस्वलाला ना चष्मा, ना बायको!

"हे मी लिहिलेलं नव्हतं," मामी घरी येऊन भडकायची.

"मग काय नुसतं तोंड हलवत ठेवू त्याचं?"

शेवटी तिनं चंगच बांधला. पुढच्या भागांत वाक्यं अशी चपखल बसवली की मामाला मध्ये तोंड घालायला फटच उरली नाही.

मामा गेला. मालिका आपल्या भाषेत आणणाऱ्या कंपनीनं जुन्या टेपा पुसून त्यांवर दुसरंच काही भरलं होतं. मामीनं तिथे खेटे घातले, पण सगळ्यांनी हात वर केले. घरात मामाचे फोटो ढीगभर होते, आवाज मात्र कुठेच नाही. "दिवसभर माझं डोकं खायचे, तेव्हा आवाज जपून ठेवायचं सुचतंय कुणाला?" ती म्हणायची.

मग एकदा मला इंटरनेटवर ते अस्वल सापडलं. टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी टीव्हीवरून टेप केलेले भाग तिथे टाकले होते, मधल्या जाहिरातींसकट. कुणीही यावं आणि फुकट उतरवून घ्यावं. मामीच्या नावाचा पत्ता नव्हता.

"चोर मेला!" मामी म्हणाली, आणि खुर्ची पुढे ओढून बसली.

त्यानंतर ती रोज दुपारी बसू लागली. चष्म्याची जागा आली की हातातली कपड्याची घडी अर्धवट राहायची. एकदा तर तिनं उत्तर दिलं, "फ्रिजवर आहे हो." मला तिच्याकडे बघवेना. नंतरचे भाग ती लावतच नसे. "त्यात ह्यांचं स्वतःचं काही नाही गं, सगळं माझंच आहे. कशाला एवढं मोजूनमापून लिहीत बसले मी?"

तेवढ्यात नव्या कायद्याचा वाद पेटला. परवानगीशिवाय टाकलेलं सगळं काढायचं आणि अशा साइट कायमच्या बंद करायच्या, असा तो कायदा. आमच्या ऑफिसच्या लिफ्टमध्येसुद्धा दोन तट पडले. जन्मात एक ओळ न लिहिलेले लोक कलाकारांच्या कष्टांसाठी गळे काढत होते, आणि ज्यांना सगळं फुकट हवं होतं ते ज्ञानाच्या बाता मारत होते. मला दोघांचाही वीट आला होता.

लेखकांच्या संघटनेनं मामीला कायद्याच्या बाजूनं जनसुनावणीत बोलायला बोलावलं. ती लगेच तयार झाली. पडद्यावर तिचं नाव एकदाही आलं नव्हतं, आणि ते तिला आयुष्यभर सलत होतं.

"मामी, मग अस्वलही जाईल," मी म्हटलं.

"कळतंय मला."

"निदान मला उतरवून तरी घेऊ दे."

"चोरीचा माल घरात? ह्यांनी कधी नकली कॅसेटला हात लावला नाही."

"आणि रोज बघतेस ते चालतं?"

"बघायला मी तिथे जाते. घरी आणत नाही."

माझी मामी ती.

सुनावणीला हॉल गच्च भरला होता. संघटनेच्या वकिलानं टाइप करून दिलेला कागद मामीनं ठणठणीत आवाजात वाचला. अध्यक्षांनी सहज विचारलं, "बाई, तुमच्या कामाची मूळ प्रत कुणाकडे आहे?"

"कंपनीनं पुसून टाकली."

"मग आता कुठेच नाही?"

मामीनं कागदाची घडी घातली. "चोराकडे आहे, साहेब. एकट्या त्याच्याकडे."

हॉलमध्ये हशा पिकला. वकील "बसा, बसा" अशा खुणा करू लागला.

"म्हणजे तुम्हाला कायदा हवा की नको?" अध्यक्ष म्हणाले. "तेवढं नोंदवून घेऊ."

"हवा ना. चांगला कडक करा. माझं काम आहे ते, माझं नाव लागलंच पाहिजे." मग ती माइककडे वाकली. "पण आत माझे मिस्टर आहेत हो. कुलूप लावायच्या आधी कुणीतरी त्यांना बाहेर काढा."

टिपून घेणाऱ्या कारकुनानं अध्यक्षांकडे पाहिलं. हे कुणाच्या बाजूला लिहायचं, ते त्याला कळेना. पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं, तरी मामी माइकसमोरून हलली नाही.