मालिकेतला धंदा आणि आमच्या दारातली साडी

बायको गेल्यापासून टीव्हीचा आवाज मी मोठाच ठेवतो. घर गप झालं की खायला उठतं. संध्याकाळी सून ती मालिका लावते, गुंडांच्या घराण्याची. तिची सासू बी शेवटपर्यंत तीच बघायची. परवा त्यातल्या थोरल्या भावानं कारखानदाराच्या टेबलावर पिस्तूल ठेवलं आणि म्हणाला, भंगाराचा ठेका आजपासून आमचा.

मी म्हणालो, "साफ खोटं."

"मग खरं कसं असतं, मामा?" सुनेनं विचारलं. तोंडानं नीट सांगता येईना. म्हणून लिहितो.

पिस्तूल काढणाऱ्याला पोलीस धरतात. खरं घराणं दारात साडी घेऊन येतं.

वाळूजला तेव्हा एकामागून एक कारखाने उभे राहत होते. आम्ही मेंढरामागची माणसं. चराईचं रान तारांच्या कुंपणात गेलं, तशी मेंढरं विकली आणि जुना टेम्पो घेतला. कारखान्यातून भंगार उचलायचं, शहरात आणून टाकायचं. पण त्या भागातल्या भंगारावर एका घराण्याचा हात होता. थोरल्याला सगळे दादा म्हणायचे. त्याला आवाज चढवताना मी कधी ऐकलं नाय. जो ऐकत नसे त्याची गाडी फाटकावर उभी राहायची, बस्स. वजनाचा काटा बंद हाय, साहेब जेवायला गेलेत, उद्या या. माणूस आपोआप मोडायचा. हे नुसतं उभं राहणं मालिकेत कुणी दाखवत नाय. त्यांना धूमधडाका पाहिजे.

त्या दिवाळीत भाऊबीजेला दादाची जीप आमच्या दारात थांबली. गल्लीतल्या बाया बघायला जमल्या. सोबत त्याचा धाकटा भाऊ, त्याच्या हातात साडी. माझ्या बायकोला पाठचा भाऊ नव्हता, हे दादानं बरोबर हेरलं होतं.

"आजपासून मी तुझा भाऊ, ताई," म्हणाला आणि बाजेवर बसला.

बायको साडी घेऊन आत गेली. मग चहा पिता पिता त्यानं मला हळू आवाजात काम सांगितलं. परवा विद्यापीठाच्या नामांतरासाठी बंद. सगळे पोलीस क्रांती चौकाकडं असणार. मी टेम्पो भरून आणायचा, वरून भंगार, खाली कारखान्याचं नवंकोरं तांबं. माल त्यांच्या वखारीत उतरवायचा आणि रिकामा टेम्पो आमच्या शेजारच्या वस्तीपाशी सोडून द्यायचा.

"अन् मग?"

"जळंल. बंदात गाड्या जळत्यातच. माल लुटला, गाडी जाळली, असं म्हणायचं. नवा टेम्पो माझ्याकडून."

वस्ती नामांतर मागणाऱ्यांचीच होती. आमची मागची भिंत त्यांच्या भिंतीला लागून. पोलीस शिरले असते आणि दिसंल ते पोरगं उचललं असतं. नाय म्हणावं तर उद्यापासून फाटक बंद. व्हय म्हणावं तर शेजाऱ्याच्या लेकरांवर दरोड्याचा आळ. मी रिकामी कपबशी उचलून बाजूला ठेवली.

"बोला की दाजी," धाकटा हसला. "का ताईला इचारून सांगता?"

ताई आतून सगळं ऐकत होती. ती ताट घेऊन बाहेर आली. मला वाटलं, साडी तोंडावर फेकती आणि आता भडका उडतो. तिनं पाट मांडला.

"भाऊ म्हणून आलास ना? मग बस पाटावर. ओवाळल्याबिगर जाऊ नाय देणार."

दादाला बरं वाटलं. तो बसला. तिनं कुंकू लावलं, ओवाळलं. त्यानं खिशात हात घातला.

"पैसं नको, दादा." ताट तिनं तसंच धरलेलं. ज्योत हालत होती. "मी मागंल ती ओवाळणी दे. बंदाच्या दिवशी वस्तीपाशी एक बी टेम्पो येणार नाय. ह्यांचा नाय, दुसऱ्या कुणाचा बी नाय."

धाकटा ताडकन उठला. "ए बाई, तोंड सांभाळ!"

"तू मधी बोलू नको. तुला अजून ओवाळलं नाय."

दारातली एक बाई फसकन हसली. दादा मात्र हसला नाय. मी कोपऱ्यातली जॅकची दांडी नजरेनं शोधली.

आमच्याकडं भाऊबीजेच्या पाटावर बसून बहिणीचं मागणं टाकलं तर त्या माणसाला गावात कुणी पाणी विचारत नाय. दादा फुलंब्रीकडचा, खेड्यातलाच. त्याला हे कळत होतं. नातं लावलं की ते दोन्हीकडून लागतं, एवढंच तो विसरला होता. पिस्तूलवाल्याची अशी पंचाईत होत नसती.

त्यानं खिशातला हात रिकामाच बाहेर काढला. "दिली," म्हणाला. जीपमध्ये बसताना मला जवळ बोलावलं. "दाजी, ताईचं ऐकलं. तुमचं नाय."

बंद झाला. वस्तीपाशी काय बी जळलं नाय. पुढं मी फाटकावर गेलो, तर काटा बंद. दुसऱ्या कारखान्यावर गेलो, तिथं बी बंद. टेम्पो रिकामा घेऊन घरी आलो आणि बायकोवर ओरडलो, "तुझ्या भावानं पोटावर मारलं बघ!"

"मारू द्या," ती म्हणाली. "दौलताबादला सीताफळं निघालीत. ती आणा शहरात."

भिंतीपलीकडं शेजारीण आपल्या पोरांना मोठ्यानं शिव्या घालत होती. सगळी घरात होती. मी हातपाय धुतले आणि जेवायला बसलो.