मागल्या दाराचं टपाल

कार्ड हातात ठेवण्याआधी तो दोहोंपैकी एक गोष्ट म्हणायचा. "बरा हाय," नाहीतर "आधी बसा."

"बरा हाय" ऐकलं की कोपरीतल्या बाया हातातलं काम न टाकता "वाच तर मग" म्हणायच्या. "आधी बसा" ऐकलं की बोलणं थांबायचं. बाई उंबऱ्यावर टेकली की तोही समोर उकिडवा बसायचा आणि एकेक ओळ सावकाश सांगायचा. डोक्याला लाल मुंडासं, खांद्याला चामड्याची पिशवी, पाय अनवाणी. टाचांना मिठागरातल्या भेगा होत्या, त्या टपालखात्यात येऊनही बुजल्या नव्हत्या. मोडी तो मिठाच्या वखारीतल्या एका कारकुनाकडून शिकला होता. बाया त्याला कागदवाला म्हणत.

तो गेल्याचं मला परवा कोपरीच्या भाजीवालीनं सांगितलं. "आमचा कागदवाला गेला, रावसाहेब," एवढंच म्हणाली आणि वांगी तोलू लागली. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. माझंही वय आता पन्नाशीकडे झुकलं. आणखी किती दिवस सभ्य राहायचं?

मी तेव्हा ठाण्याला कचेरीत कारकून होतो. सरकारनं ती पैशाची कार्डं नुकतीच काढली होती. तुम्ही पाहिलंच असेल, नवी सोय निघाली की ती न वापरण्यातही एक प्रतिष्ठा असते. संध्याकाळी माझ्या ओटीवर चार मंडळी जमत, तीन कारकून आणि एक वकील. कार्ड ही हलक्या लोकांची चीज, यावर आमचं एकमत होतं. "पत्र कसं अंगभर ल्यायलेलं असावं," मी म्हणायचो, "कार्ड म्हणजे उघड्या अंगानं बाजारात निघालेला माणूस." मंडळी हसत. मी तर नुसतं ‘आपले पत्र पावले’ एवढं कळवायलाही लखोटा वापरी आणि त्यावर लाख लावी.

त्याच ओटीवर मी सांगून ठेवलं होतं की माझी आई कोकणात चुलत्यांकडे असते, घरची शेती बघते.

आई कल्याणला होती. एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे स्वैंपाकाला. मला इंग्रजी शाळेत तिनं त्याच चुलीवर शिकवलं. तिला लिहिता येत नसे. त्या घरची सून तिच्यासाठी महिन्याला एक कार्ड लिही. लखोट्यातून पाठव म्हणून मी दोनदा बजावलं, तर तिसऱ्या कार्डात उत्तर आलं: ‘आपल्या दोघांत झाकण्यासारखे काय आहे?’

आईचं कार्ड ओटीवर कधी आलं नाही, हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली. लखोटे तो पुढच्या दारी देई, सगळ्यांसमोर, जरा मोठ्यानं नाव वाचून. आईची कार्डं मला जेवायच्या वेळी बायकोकडून मिळत. ती कुठून येतात, हा प्रश्न मला पडला नव्हता.

पौषातल्या एका सुट्टीच्या दिवशी ओटीवर दुपारीच मंडळी जमली होती. मी पानाचं तबक आणायला आत गेलो. मागल्या दारी त्याचा आवाज ऐकू आला.

"वैनी, हा घ्या. रावसाहेब मानसांत बसलंत, म्हनून मागल्या दारानं आयलो. माउलीचा हात भाजलाय, पन आता उतार हाय."

"अगबाई! थांबा, मी यांना हाक मारते."

"नको. मी बोललो म्हनून सांगू नका. तेंना लाज वाटंल."

मी तबक हातात घेऊन तसाच उभा राहिलो. आईचा हात भाजला हे मी ऐकलं, पण मनाला लागलं ते दुसरंच. मिठागरातून आलेला, अनवाणी हिंडणारा माणूस दोन वर्षं माझी लाज राखत होता. माझी कीव करत होता! त्यानं चारचौघांत कार्ड मोठ्यानं वाचलं असतं, तरी मी त्याला एवढा शत्रू मानला नसता.

आठवड्यात अर्ज तयार झाला. मसुदा माझा, इंग्रजी माझं. टपालवाला लोकांची कार्डं वाचतो, हे पहिलं कलम. तेवढ्यानं भागलं नसतं हे मला ठाऊक होतं, म्हणून दुसरं घातलं: काही घरांच्या मागल्या दारी जाऊन हा बायकांशी बोलत उभा राहतो. सह्या मित्रांनी केल्या. मी केली नाही. "घरमालक म्हणून माझं नाव बरं दिसत नाही," असं काहीतरी मी म्हणालो, आणि त्यांना ते पटलं.

चौकशीला साहेब आला. त्याला मराठी येत नव्हतं. अर्जावर सही नसलेला, इंग्रजी जाणणारा तिऱ्हाईत गृहस्थ म्हणून दुभाषाच्या कामाला मलाच बोलावण्यात आलं.

"कार्डं वाचतोस?"

"वाचतो, सायेब. बायांना येत नाय वाचाया. त्याच सांगतात."

मी भाषांतर केलं. साहेब हसला. माणूस वाईट नव्हता. त्यानं पहिल्या कलमावर रेघ मारली.

"मागल्या दारी का जातोस?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्या नजरेत, रागही नव्हता. पत्ता बरोबर लागला की नाही हे बघावं, तसं पाहिलं. एका वाक्यात तो सुटला असता आणि त्याच वाक्यात मी उघडा पडलो असतो. मी शाईच्या दौतीकडे बघत राहिलो.

"ऊन लागतं, सायेब. मागं सावली हाय."

माझ्या घराचं मागलं दार पश्चिमेला आहे. दुपारी तिथं उभं राहवत नाही. हे मला माहीत होतं. मी त्याचं वाक्य शब्दाला शब्द लावून इंग्रजीत सांगितलं. भाषांतरात एक अक्षर खोटं नव्हतं.

"ऊन? या थंडीत?" साहेब म्हणाला. बाकावर बसलेले माझे मित्र हसले.

त्यानं पिशवी उतरवली, मुंडाशाच्या शेवानं तिचा पट्टा पुसला आणि टेबलावर ठेवली.

घरी आलो तर बायको दाराशीच उभी होती. "त्यांना काढलं म्हणे?"

"साहेबांनी काढलं. मी विचारलं तेवढं सांगितलं."

"अर्जात काही घरं म्हणून लिहिलंय ना? त्यात आपलंच घर होतं ना?" तिनं विचारलं. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी लिहिलेल्या डागात माझी बायको उभी होती.

नवा टपालवाला नियमानं चालणारा. त्यानं पुढच्याच महिन्यात आईचं कार्ड ओटीवर भिरकावलं. ते वकिलांच्या पायाशी पडलं आणि त्यांनी सहज वाचायला घेतलं. ‘चि. बाळास आशीर्वाद. मुंजीचा स्वैंपाक दोन दिवस चालला. हात आता बरा आहे...’ वाचता वाचता ते थांबले.

"म्हणजे मातोश्री स्वैंपाकाचं बघतात? कल्याणला?" वकील म्हणाले. "अहो, मग आधी नाही का सांगायचं! वैशाखात आमच्याकडे कार्य आहे, चांगला हात मिळत नाही." कुणीतरी पुरणपोळ्यांची चौकशी केली. पानाचं तबक फिरलं. मंडळी दुसऱ्या विषयाकडे वळली.

एवढंच. एवढ्यासाठी मी एका माणसाची भाकरी आणि अब्रू घेतली होती.

आता लपवायला काही उरलं नव्हतं. साहेबाला दहा ओळी लिहिल्या असत्या, तर तो पुन्हा कामावर आला असता. त्या दहा ओळी मला पाठ होत्या. रोज कचेरीत जाताना मी त्यांतलं इंग्रजी सुधारत असे. असं करता करता दोन वर्षं गेली, आणि त्या साहेबाची बदली झाली.

पुढच्या वर्षी आई गेली. मग मात्र घरात राहवेना. चारेक महिन्यांनी चौकशी करत कोलशेतच्या मिठागरावर गेलो. सगळं सांगायचं, असं ठरवून गेलो होतो. तो खाजणाच्या कडेला मिठाची रास ओढत होता. गुडघ्यापर्यंत पाय पांढरे झाले होते. त्यानं मला लांबूनच ओळखलं, हातातलं अवजार बांधावर ठेवलं आणि कपाळाला हात लावला.

"रावसाहेब, एवढ्या लांब? उनाचं?"

मी बांधावरचं वाळलेलं मीठ जोड्याच्या टोकानं उकरत राहिलो. मग मला सोपं जावं म्हणून, की खरंच आठवण आली म्हणून, कोण जाणे, त्यानंच विचारलं, "माउली कशी हाय?"

पिशवी त्याच्या खांद्यावर असती, तर ही बातमी माझ्याआधी त्याला कळली असती.

"बरी आहे," मी म्हणालो.

त्याचा चेहरा खुलला. "मी इचारला म्हनून सांगा तिला."

मी "सांगतो" म्हणालो.