पाडाच्या आंब्याला सुरी

कळंबच्या पलीकडं माझ्या मामांची केसर आंब्याची बाग आहे. लावली मामीनं, घागरीनं पाणी घालून जगवलीही तिनंच. सातबाऱ्यावर नाव मामांचं, म्हणून मामांची म्हणायची. आपला आंबा एकदा तरी विमानात बसावा, ही मामीची हौस. ती हिवाळ्यात गेली आणि तिच्या हौसेनं मामांना झपाटलं.

नेमकी मी परदेशी माल पाठवणाऱ्या एका व्यापाऱ्याकडं फळं तपासायला आहे. माझ्याकडं हातात मावणारं यंत्र असतं. सालीला टेकवलं की ते डोळ्यांना न दिसणारा उजेड आत सोडतं आणि परत आलेल्या उजेडावरून गर किती भरलाय ते सांगतं. फळावर ओरखडाही उठत नाही. मामा खूश झाले. "म्हंजी चिरायचं कामच न्हाय? लई ब्येस!" त्यांनी झाडाखाली मला खुर्ची मांडून दिली.

यंत्र म्हणालं, कच्चा. दुसरं झाड, तेही कच्चं. मी काच पुसली, फळं सावलीत निवू दिली, परत टेकवलं. कच्चीच. आणि समोर फळं तर खांद्यात भरलेली, देठाशी खड्डा पडलेली. पाडाला लागलेला आंबा मला कळत नाही असं नाही. यंत्र ज्या आंब्यांवर शिकलं ते भरपूर पाण्यावरचे, पातळ सालीचे असणार. माळावरच्या ह्या जाड सालीची त्याला ओळख नसावी. पण माझ्या अंदाजाला कोण विचारतो?

मी व्यापाऱ्याला फोन लावला. माणूस वाईट नाही. म्हणाला, "दोन फळं चिरा, कोयीजवळचा गर पिवळा दिसेल असा फोटो पाठवा, माल घेतो. पण गाडी आज संध्याकाळीच निघणार. यंदाची ही शेवटची."

मी सुरी मागितली. मामा फळांच्या आणि माझ्या मधे येऊन उभे राहिले.

"आखिती झाल्याबिगर?"

आमच्याकडं कैरीला कुणी अडवत नाही. लोणचं घाला, पन्हं करा. पण पाडाला लागलेल्या आंब्याला, आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांचं पान वाढेपर्यंत, सुरी लावत नाहीत. आखिती पुढच्या आठवड्यात होती, आणि यंदा त्या पानावर पहिल्यांदा मामी जेवणार होती.

"मामा, कैरी समजून चिरू की," मी वकिली केली.

"कैरी असती तर म्याच चिरून दिली असती. पाडाचा हाय म्हणून तर न्हाय."

"अहो, तेच तर दाखवायचंय त्यांना! खायचं नाही, नुसतं चिरायचं."

"तिच्या आधी चिरलं म्हंजी उष्टंच झालं, पोरी."

मला राग आला. मामांचा आला, व्यापाऱ्याचा आला, त्या यंत्राचा तर इतका की विहिरीत फेकावंसं वाटलं. मामांना आंबा पाठवायचाही होता आणि चिरायचाही नव्हता, आणि दोन्हीचं कारण मामीच. कुणाशी भांडायचं? दोन आंबे पिशवीत टाकून वाटेत चिरता आले असते. हात धजला नाही. संध्याकाळी गाडी दुसऱ्याच गावचा माल भरून गेली.

आखितीला मामांनी गवतात पिकायला घातलेल्या आढीतला पहिला आंबा काढला आणि चिरला. कोयीपर्यंत केशरी. मी मात्र मनात म्हणत होते, देवा, आंबट निघू दे. मग यंत्र खरं ठरलं असतं आणि मी सुटले असते. मामीच्या पानावर रस वाढून झाल्यावर मामांनी एक वाटी माझ्यापुढं सरकवली. पहिल्याच घोटाला कळलं, यंत्र चुकलं होतं.

मामांनीही त्यांची वाटी तोंडाला लावली. परत लावली, मग खाली ठेवली.

"गोड हाय का गं?" त्यांनी विचारलं. "ती गेल्यापास्नं माझ्या जिभंला काय कळंनाच झालंय."

"व्हय मामा," मी म्हणाले, "लई गोड हाय."

त्यांनी मान हलवली आणि मी खात होते ते बघत बसले.