बाईंनी शाळेत आणलेला बर्फ

आमच्या शाळेत माठ होता, माठावर पेला होता, पण त्या पेल्याला आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांनी हात लावायचा नाही. असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. तहान लागली की आम्ही ओंजळ धरायची, वरून दुसऱ्या कोणी ओतायचं. माझ्या बापानं मी जन्मायच्या आधीच धम्म घेतलेला. आता ते सगळं गेलं, असं तो सांगायचा. आमच्या घरातून गेलं होतं, हे खरं. सत्तर सालाच्या पुढची दोनचार वर्षं असतील, मी चौथीत होते, आणि मला एकच पाहिजे होतं. आपल्या हातानं तो पेला माठात बुडवायचा.

ही आशा लावली नव्या बाईंनी. तरुण होत्या, वर्ध्याहून आलेल्या. त्यांनी पाण्याची पाळी सुरू केली. टाटपट्टीवर बसल्या ओळीनं एकेकानं आठवडाभर सगळ्यांना पाणी द्यायचं. थोरल्या गुरुजींनी तिकडं लक्ष दिलं नाही, कारण तोवर आमच्यातल्या कोणाची पाळी आली नव्हती. पुढच्या सोमवारी माझी होती.

बाईंना धडा नुसता वाचून घेणं आवडायचं नाही. घरून वस्तू आणा, हातात घेऊन पाहा, म्हणायच्या. कोणी सरकी आणली, कोणी गुळाचा खडा, कोणी कंदिलातलं रॉकेल. मी जाडं मीठ नेलं. ते सगळ्यांच्या हातातून फिरलं, दोघातिघांनी चाटूनही पाहिलं. कोरड्याला आमच्याकडं काही होत नसे, बरं का. आमच्या हातची ज्वारी, तूर कोणाच्याही घरात जायची. काय व्हायचं ते ओल्याला व्हायचं.

शनिवारी बाई सकाळच्या बसनं हिंगणघाटहून बर्फाचा तुकडा घेऊन आल्या, पोत्यात, भुशात दाबून. आम्हाला गोल बसवलं. मध्ये पाण्याचा रिकामा गंज, म्हणजे पातेलं. तुकडा हातोहात फिरवायचा आणि गळेल ते पाणी गंजात धरायचं. वर्गातल्या कोणीच तोवर बर्फ हातात धरला नव्हता. माझी बोटं बधिर झाली. शेजारी माझी मैत्रीण होती, मोठ्या शेतीवाल्यांची. तिनं माझ्या हातून तो घेतला आणि हसत सुटली.

फिरून फिरून तुकडा लिंबाएवढा झाला, मग गोटीएवढा, मग संपला. बाईंनी थोडं पाणी स्टोव्हवर उकळलं, वर थाळी धरली, थाळीला थेंब आले. "बर्फ, पाणी, वाफ आणि पुन्हा पाणी. वस्तू एकच," त्या म्हणाल्या. उन्हाचे दिवस होते. गंजात उरलेलं गार पाणी माझ्या मैत्रिणीनं तोंडाला लावून पिऊन टाकलं.

मागून एक पोरगी म्हणाली, "अवं, हिच्या हातचं पेली तू."

"तिनं मले पाणी कुठी देल्लं? बर्फ देल्ला."

"मंग पेली काय, बर्फ?"

"पाणीच पेली. पन ते माह्या हातात झालं."

"तिच्या हातातबी गळून राह्यला होता, म्या पाह्यलं."

"थोडासाकच."

"थोडं चालते का मंग?"

बाई आधी खूश झाल्या. त्यांना वाटलं, पोरं धड्यावरच भांडताहेत. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि स्टोव्ह बंद केला.

मैत्रिणीची आई त्याच दिवशी गुरुजींच्या घरी जाऊन आली. सोमवारी मी केस विंचरून, हात घासून शाळेत गेले, तर पाळी बंद झालेली. व्हरांड्यात गुरुजी बाईंना हळू आवाजात सांगत होते, "बाई, दगडगोटे शिकवा ना. पातळ पदार्थ पुस्तकात आहेतच."

"मी वर कळवीन," बाई म्हणाल्या.

"कळवा. तुमची बदली होईल. माठ इथंच राहील."

बाईंनी कळवलं नसावं. वर्षभर त्या राहिल्या, पण वाफेचा पुढचा धडा त्यांनी आमच्याकडून वाचूनच घेतला. मैत्रीण दोन जागा सोडून बसू लागली. मधल्या सुट्टीत बोरं मात्र माझ्याकडून घ्यायची.

बाप कापसाच्या जिनिंगमध्ये मजुरीला होता. रात्री त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, हा आता उठेल, शाळेत जाऊन बोलेल. गावातल्या विहिरीसाठी तो एकदा भांडलेला माणूस. तो म्हणाला, "जाऊ दे. त्या बाईची नोकरी जाईन, अन् तुले शाळेतून काढतीन. चौथी तं होऊ दे तुही."

पुढच्या बाजाराला त्यानं माझ्यासाठी ॲल्युमिनियमची बाटली आणली. तिला दोरी बांधताना माझ्याकडं पाहिलं नाही. "घरूनच पाणी नेत जाजो," एवढंच बोलला.

चौथी झाली आणि शाळा सुटली. पुढचं जे वाचलं ते माझं मीच. तोवर ती बाटली रोज गळ्यात घालून नेली. दुपारपर्यंत तिच्यातलं पाणी चहासारखं तापायचं. बाप विचारायचा, "गार राह्यते ना?" मी म्हणायची, राह्यते.