कमूचा आकडा

काल तंजावुरातल्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी माझ्या धाकट्या बहिणीसमोर, कमूसमोर, लाल-पांढरे ठोकळे मांडले आणि स्टॉपवॉच खट्कन दाबलं. पक्षाघातानंतर तिची बुद्धी किती शाबूत आहे, ते बघायचं होतं. त्या आवाजासरशी मी तीस वर्षं मागे, आमच्या ओसरीवर जाऊन पडले.

तेव्हा मी मानसशास्त्राच्या एम.ए.ला होते, म्हणजे साक्षात सरस्वतीच! सरावाला माणूस हवं म्हणून बारावी झालेल्या कमूला पकडलं, आमच्या वडिलांचा, अप्पांचा चष्मा नाकावर चढवला आणि कॉलेजातून आणलेले असलेच ठोकळे मांडले. मग प्रश्न सुरू झाले.

"नारळ आणि चिंच, दोन्हींत सारखं काय?"

"दोनी पडले की पहिलं मालक कुठं तें पाहायचं, अक्का!"

मी पोट धरून हसले. पुस्तकातलं उत्तर होतं, 'दोन्ही फळं'. कमूला शून्य.

जेवताना मी तिचा बुद्ध्यांक दवंडी पिटावी तसा जाहीर केला. रसम-भात कालवता कालवता अप्पा म्हणाले, "येवढाच? मग हिला कालेजांत कशाला घालायचं?"

कमूनं भरलेला प्रवेशअर्ज फळीवरच होता. 'अप्पा, मला अजून ही चाचणी धड घेताच येत नाही,' एवढंच म्हणायचं होतं. पण माझ्या शास्त्राला घरात पहिल्यांदाच मान मिळाला होता. मी आणखी रसम वाढून घेतलं. अर्ज फळीवरून हललाच नाही.

काल कमूचा उजवा हात ठोकळ्यांपर्यंत पोचेना. तिनं मानेनंच मला जवळ बोलावलं. अप्पांना जाऊन बारा वर्षं झाली.

"अक्का," ती अडखळत म्हणाली, "ह्या वेळी अप्पांना आकडा सांगू नको."