शेवटचा रिस्टोअर कधी केलास?

प्रज्ञा गेल्याची बातमी आमच्या जुन्या डेटाबेसवाल्यांच्या ग्रुपवर आली, तेव्हा मी मेथी निवडत होते. तिच्या मुलाने दोनच ओळी लिहिल्या होत्या. खाली जोडलेले हात, पांढरी फुलं... आणि सातवा की आठवा मेसेज असा : 'फार मोठी हानी. अर्थात फुकटच्या डेटाबेसबद्दलचं त्यांचं म्हणणं कधीच पटलं नाही.' झालं! मेथी निवडून होईपर्यंत दोन पक्ष पडले. साठी उलटलेली, गुडघे बदलून घेतलेली माणसं. आता एकाच्याही हाताखाली सर्व्हर नाही, आणि बाईच्या मयताच्या बातमीखाली कुणाचा डेटाबेस जास्त भार पेलतो यावर भांडतायत. वैतागून मी मोबाइल उपडा ठेवला. पण खरं सांगायचं तर वैतागायचा अधिकार मला नव्हता. हे भांडण वीस वर्षांपूर्वी मीच उकरून काढलं होतं.

तेव्हा मी मरोळच्या एका औषधं पुरवणाऱ्या कंपनीत डेटाबेस सांभाळायचे. कुठलं औषध कुठल्या दुकानात गेलं, गोदामात काय उरलं, ही सगळी माहिती माझ्या ताब्यात. आमचा डेटाबेस एका बड्या परदेशी कंपनीचा, लायसन्स घेऊन वापरायचा. त्याचं आठवडाभराचं ट्रेनिंग करून मी सर्टिफिकेट मिळवलं होतं, आणि सोबत मिळालेली त्या कंपनीच्या नावाची पिशवी मुलुंडच्या भाजी मार्केटात मिरवत होते. भाजीवाल्याला त्याचं काय कौतुक? पण मला वाटायचं, बघतोय. इंटरनेटवर आमच्या लाइनमधल्या लोकांचा एक फोरम होता. रोज दुपारचा डबा संपला की मी तिथे जाऊन, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेल्या त्या फुकटच्या डेटाबेसची सालटी काढायचे. 'रिकाम्या वेळात लिहिलेलं रिकाम्या वेळातच वापरावं,' हे माझं वाक्य. तीनदा वापरलं मी ते, इतकी मी त्याच्या प्रेमात.

एक दिवस त्याखाली 'पी. जी.' या नावाने एकच ओळ आली : 'तुमचा डेटाबेस उत्तमच असेल. शेवटचा रिस्टोअर कधी करून पाहिलात?' बॅकअप म्हणजे माहितीची रोज काढून ठेवायची प्रत, आणि रिस्टोअर म्हणजे त्या प्रतीवरून सगळं परत उभं राहतं का, हे करून बघणं. प्रत सगळेच काढतात. उघडून बघायचा कंटाळा. मी तर एकदाही बघितलं नव्हतं. म्हणून मी दोन पानी उत्तर लिहिलं! सुरुवात 'महोदय'ने, शेवट सर्टिफिकेटच्या नंबराने, मध्ये जगातलं सगळं, फक्त तारीख नाही. ऑफिसच्या फोनवर 'साहेबांना द्या' म्हणणाऱ्यांवर तडकणारी मी. पण समोरची 'पी. जी.' बाई असेल, हे माझ्या टाळक्यात आलं नाही. पुढे पवईच्या एका सेमिनारला, जेवणाच्या रांगेत, हिरव्या सुती साडीतली एक बाई माझं ओळखपत्र वाचून म्हणाली, "तूच ना ती? मी तो महोदय." पहिल्याच वाक्यात तू! वर, "दहीवडा घे, बरा आहे. तारीख नाही सांगितलीस पण."

प्रज्ञाचे वडील जालन्याकडून आलेले; ती वाढली घाटकोपरला, नोकरी पवईला. मी मुलुंडची, तोंड मालवणी. ती त्या फुकटच्या डेटाबेसची, मी लायसन्सवाल्याची; फोरमवर आम्ही एकमेकींची पिसं काढायचो आणि रविवारी फोनवर ठेचा आणि सोलकढी यांवरून भांडायचो.

मग एका शुक्रवारी सकाळी आमचा सर्व्हर बसला. मी ऐटीत कालची प्रत लावली. उभी राहीना. दोन महिन्यांपूर्वी सर्व्हरला नवी डिस्क जोडली होती, तिच्यातल्या फायली बॅकअपच्या यादीत घालायला मी विसरले होते. रोज सकाळी बॅकअप झाल्याची हिरवी खूण दिसायची आणि मी निवांत चहा प्यायचे. सपोर्टच्या फोनवर कुणीतरी अतिशय अदबीने माझी तक्रार नुसती नोंदवून घेत राहिलं. शेवटी प्रज्ञाला फोन लावला. "वाट लागली गं."

"रडू नकोस. गाडीबरोबर मालाची चलनं जातात ना, त्यांच्या कॉप्या आहेत?"

"आहेत."

"मग सगळं गेलेलं नाही. येते."

रजा टाकून, रिक्षा करून आली. नव्या डिस्कच्या आधीची जुनी प्रत तिने शोधली आणि उभी केली. ज्या डेटाबेसला ती नावं ठेवायची, तो तिला माझ्यापेक्षा बरा येत होता! मग शनिवार-रविवार गोदामातल्या चौघांना सोबत बसवून, चलनांच्या फायली पुढ्यात घेऊन, आम्ही दोन महिन्यांचा माल एकेक करून परत भरला. कुठल्या औषधाची कुठली खेप कुठे गेली, हे हरवलं असतं तर एखादी सदोष खेप दुकानांतून परत मागवता आली नसती; माझी नोकरी गेली असती, ते वेगळंच.

सोमवारी फोरम उघडला, तो आता आपली अब्रू जाणार या तयारीनेच. प्रज्ञाने लिहिलं होतं खरं... माझ्या लाडक्या कंपनीची नवी आवृत्ती किती मंद आहे, यावर सात मुद्दे. रिस्टोअरबद्दल अवाक्षर नाही. आधी मी सुटले म्हटलं. नंतर मात्र राग यायला लागला. हुकमाचं पान हातात धरून ही बाई वर्षानुवर्षं बसलेली, आणि टाकेना! मी मुद्दाम डिवचायचे. ती भलत्याच मुद्द्यावर मला लोळवायची. शेवटच्या भेटीत, घाटकोपरला तिच्या पलंगाशी बसून मी म्हटलं, "एकदा तरी लिहायचंस ना गं, मेले."

"मी कशाला?" ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता, पण खोच तीच. "प्रश्न मी विचारला होता. उत्तर तू द्यायचं होतंस."

मी हसण्यावारी नेलं.

तर तो उपडा ठेवलेला मोबाइल उचलला, तेव्हा एका सद्गृहस्थांनी फोरमवरचं ते जुनं भांडण शोधून ग्रुपवर टाकलं होतं. 'बघा, मॅडमनी तेव्हाच प्रज्ञाबाईंना निरुत्तर केलं होतं. पुन्हा तो प्रश्न काढला नाही त्यांनी.' खाली अंगठेच अंगठे. माझ्या दोन पानी थापांच्या जोरावर प्रज्ञा हरली, असं ठरून गेलं होतं.

तरी मी लगेच लिहिलं नाही. भित्री ती भित्रीच. प्रज्ञाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाहून घरी आले, चप्पलसुद्धा काढली नाही, आणि टाइप केलं : 'तेव्हा मी एकदाही रिस्टोअर केला नव्हता. पुढे माझा सर्व्हर बसला. पहिला रिस्टोअर प्रज्ञाने केला, माझ्या ऑफिसात, माझ्याच डेटाबेसवर. ती निरुत्तर झाली नव्हती. तिने मला सांभाळून घेतलं होतं.'

खाली जोडलेले हात आले. मला वाटलं, चला, शहाणे झाले. मग एकाने विचारलं, 'कुठल्या व्हर्जनवर?'

मी मोबाइल परत उपडा ठेवला.

आमच्या घरचे सगळे फोटो एका डिस्कवर असतात. त्या डिस्कवर प्रज्ञाने कधीतरी पांढरी चिकटपट्टी लावून लिहून ठेवलंय, 'उघडून बघितलंस?' म्हणून दर शनिवारी चहा झाला की मी ती डिस्क लावते आणि कुठलेही तीन फोटो उघडून बघते. नात म्हणते, "आजी, फोटो काय पळून जाणारेत?" गेल्या शनिवारी तिसरा फोटो निघाला पवईच्या सेमिनारचा. हिरवी साडी, हातात दहीवडा, आणि तोंड उघडं... म्हणजे मला काहीतरी सुनावणं चालू असणार. नीट उघडला. पेन घेतलं आणि चिकटपट्टीवर, तिच्या अक्षराखाली, त्या शनिवारची तारीख घातली.