अळीचा रकाना

अकोल्याहून देशमुख सरांचा फोन आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

"धामणगाव रेल्वेकडच्या पाच गावांत बोंडअळी शून्य दाखवून राहिलं. चार वाजता सल्ला जाणार आहे, फवारणी नको म्हणून. बरोबर आहे ना?"

लागूनच्या सहाव्या गावात वीस झाडांवर सोळा अळ्या होत्या. "फाइल बघून सांगते," म्हटलं.

कपाशीची ती वाईट वर्षं. अकोल्याची एक संस्था गावोगाव कीड मोजून शेतकऱ्यांना सल्ला द्यायची. तिचं सॉफ्टवेअर आमच्या अमरावतीच्या छोट्या कंपनीकडे होतं. देशमुख सर मालक, त्या दिवशी संस्थेतच गेलेले, आणि प्रोग्रामर मी एकटी. नांदगाव पेठच्या शाळेत शिकलेली, घरातली पहिली पदवीधर. सरांनी विश्वासानं काम दिलं होतं.

आधी फाइलची भाषा मीच बनवली होती. एका ओळीत गाव, तारीख, झाडं, अळ्या. कशानंतर काय यायचं, याचे नियम म्हणजे त्या भाषेचं व्याकरण. अळीच्या जागी आकडा नसला की प्रोग्राम तिथेच थांबायचा. पण ही भाषा माझ्या प्रोग्रामशिवाय दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरला येत नव्हती. म्हणून त्याच आठवड्यात आम्ही एक्सएमएलवर आलो. त्यात प्रत्येक माहितीच्या मागेपुढे तिच्या नावाची खूण असते, डब्यावर चिठ्ठी लावावी तशी. ती कुठलाही कॉम्प्युटर वाचतो.

फाइल उघडली. सहाव्या गावाच्या खाली या पाचही गावांच्या अळीच्या डब्यात दोन टिंबं होती, आपण रजिस्टरमध्ये 'वरीलप्रमाणे' म्हणून देतो तशी. चिठ्ठ्या जागेवर होत्या, म्हणून एक्सएमएलची तक्रार नव्हती. आकडा नाही म्हणून पुढच्या प्रोग्रामनं शून्य धरला. इथे आकडाच हवा, असा नियम एक्सएमएललाही लिहून देता येतो. घाईत मी तो लिहिला नव्हता.

धामणगावला टायपिंग करणाऱ्या अन्वरभाईंना फोन लावला.

"ताई, रजिस्टरात जसं हाय तसंच मारलं. आपल्या मनानं काहून टाकू?"

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "मग वरचे सोळा खाली ओढ. दहा मिनिटांचं काम."

"आधी मोजणाऱ्याला विचारते, सर."

"पाच गावं रिकामी गेली तर संस्था म्हणन, सॉफ्टवेअर फेल. काम जाईल आपलं."

मोजणी करणारे वानखडेभाऊ पावणेचारला सापडले.

"भाऊ, पाचही गावांत गेले होते का?"

"गाडीची चेन तुटली ना, ताई. वावरं लागूनच हायत. सारखंच असन."

चारला दहा कमी असताना सरांना कळवलं. ते म्हणाले, "थांबवतो. माहिती आली नाही असं लिहितो."

दुसऱ्या दिवशी वानखडेभाऊ पाचही गावं फिरले. तीन गावांत सोळाहून जास्त अळ्या निघाल्या, दोन गावांत जवळजवळ नाहीत. शून्यही चुकलं असतं आणि सोळाही.

संस्था दोन दिवस नाराज होती. काम आमच्याकडेच राहिलं.

शेवटी दोन्ही ठेवलं. पाठवायला एक्सएमएल, टाइप करायला माझी छोटी भाषा. तिच्यात तारखेला टिंबं चालतात, अळीला नाही. डब्यांवर चिठ्ठ्या नीट लागल्या म्हणजे आतलं खरं असतं असं नाही, एवढं मी शिकले.

महिन्याभरानं वानखडेभाऊ भेटले. म्हणाले, "ताई, तुमचा कॉम्प्युटर लय हट्टी झाला. टिंबं घेतच नाही."

"अळीला नाही घेत, भाऊ."

"हो ना. मग जावंच लागते."